तळहातावर पू दिसला म्हणजे जंतूच असं नाही

मी शिवणकाम करतो. उजव्या अंगठ्याच्या बुंध्याशी, जिथे कात्रीचा दाब पडतो तिथेच, पहिल्या पुटकुळ्या उठल्या. आधी बुरशीचं मलम लावलं, मग अँटिबायोटिक्स घेतली. वर्ष गेलं, तेव्हा कुठे नाव कळलं : पाल्मोप्लांटर पस्ट्युलोसिस, म्हणजे तळहात-तळपायांवर पुवाच्या पुटकुळ्या उठवणारा त्वचेचा आजार. यातल्या पुवात जंतू नसतात. दाहामुळे रक्तातल्या पांढऱ्या पेशी कातडीत गोळा होतात, तोच हा पू. हा आजार स्पर्शाने लागत नाही. घरच्यांना हे आधी सांगा. माझा टॉवेल वर्षभर वेगळा ठेवला होता.

हात दिवसाच्या उजेडात धरून नीट पाहा. ताज्या पुटकुळ्या पिवळ्या, टाचणीच्या डोक्याएवढ्या असतात. शेजारीच जुन्या तपकिरी पडून सुकलेल्या दिसतात आणि भोवती पापुद्रे निघतात. नव्या-जुन्या एकाच वेळी दिसणं ही मोठी खूण. बोटांच्या कडांना स्वच्छ पाण्याचे, फार खाजणारे फोड असतील तर बहुधा इसब असतं. बुरशी पुष्कळदा एकाच हाताला आणि दोन्ही पायांना धरते. म्हणून तळपायही पाहा, विशेषतः आतली खोलगट बाजू. ताज्या पुटकुळ्यांचे फोटो काढून ठेवा, कारण डॉक्टरांकडे जायच्या दिवशी नेमकं सगळं सुकलेलं असतं.

त्वचारोगतज्ज्ञांना कातडीची खरवड तपासायला सांगा, तीही स्टेरॉइड मलम सुरू करण्याआधी. स्टेरॉइडने बुरशीचं रूप बदलतं आणि ती ओळखू येत नाही. ताज्या पुटकुळीतला पू कल्चरला, म्हणजे जंतू वाढतात का ते पाहायला, जातो. शंका उरलीच तर बायोप्सी, म्हणजे कातडीचा छोटा तुकडा काढून तपासणी. घरी सुईने फोडू नका.

उपचाराची सुरुवात बहुतेकदा क्लोबेटासोलसारख्या जोरदार स्टेरॉइड मलमाने होते, कारण तळहाताची कातडी जाड. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत मलमाची एक रेघ दोन्ही तळहातांना पुरते. किती दिवस लावायचं ते डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या. हात धुतले की लगेच व्हॅसलीन, हे मात्र कायमचं. भेगा बुजल्या तेव्हा मला सुई पुन्हा नीट धरता आली. मलमाने भागलं नाही तर प्रकाशोपचार किंवा गोळ्या असतात. त्यातली अ‍ॅसिट्रेटिन पोटातल्या बाळाला घातक आहे, आणि ती थांबवल्यावरही 3 वर्षं गर्भधारणा टाळावी लागते. बायकांनी हे आधीच विचारून घ्यावं. पोटातून घ्यायची स्टेरॉइड स्वतःहून कधीच घेऊ नका. ती थांबवल्यावर पुटकुळ्या जोराने उसळू शकतात.

या आजाराचे बहुतेक रुग्ण धूम्रपान करणारे किंवा पूर्वी केलेले असतात. मीही त्यातलाच. सोडल्याने हात बरे होतीलच याची खात्री कुणी देत नाही, तरी मी सिगारेट सोडली.

आणखी एक. गळ्याखाली, छातीच्या हाडाच्या वरच्या टोकाशी दुखत किंवा सुजत असेल तर तेही याच डॉक्टरांना सांगा. हा दाह कधीकधी हाडा-सांध्यांतही उतरतो, आणि हात दाखवायला आलेला माणूस छातीचं दुखणं सांगतच नाही.