वणव्याचा अभ्यास करायचाय? आधी डोंगर चढा

"मला वणव्यांवर काम करायचंय, कोणतं सॉफ्टवेअर शिकू?" दर फेब्रुवारीत कुणीतरी मला हे विचारतंच. मीही तिथूनच सुरुवात केली होती. पुण्यात एमएस्सी करताना नासाच्या फर्म्स या उपग्रहांनी टिपलेल्या आगी दाखवणाऱ्या संकेतस्थळावरून आगीचे ठिपके उतरवून घेतले, मुळशी-वेल्ह्याच्या नकाशावर टाकले आणि प्रबंध झालाच, असं वाटलं.

मग ताम्हिणीकडच्या एका डोंगरावर गेलो. अख्खा उतार काळा आणि माझ्या नकाशावर तिथे ठिपका नाही! हे ठिपके टिपणाऱ्या व्हीआयआयआरएस या उष्णता ओळखणाऱ्या संवेदकाचे उपग्रह आपल्यावरून साधारण दुपारी दीड आणि रात्री दीडच्या सुमारास जातात. संध्याकाळी पेटलेलं गवत तोवर विझून थंड. शिवाय ठिपका म्हणजे ३७५ मीटरचा चौकोन. म्हणून जळालेलं क्षेत्र सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांच्या आगीआधीच्या-नंतरच्या चित्रांवरून काढा, पण तारखा जवळच्या घ्या. डिसेंबर आणि मार्चची तुलना केलीत तर नुसतं वाळलेलं गवतही जळाल्यासारखं दिसतं. माझा महिन्याभराचा हिशेब त्यात बुडाला.

कारण तर वरून दिसतच नाही. आपल्याकडचे बहुतेक वणवे माणसामुळे लागतात: नवं गवत चांगलं फुटावं म्हणून, राब भाजताना (भाताच्या रोपांसाठी जमिनीवर पालापाचोळा जाळताना) उडालेल्या ठिणगीने, विडीच्या थोटकाने. राखीव वनात आग लावणं हा १९२७ च्या वन कायद्याच्या कलम २६ खाली गुन्हा, त्यामुळे वही उघडून "आग कुणी लावली?" विचारलंत की गाव गप्प. मी विचारलं होतं. एक आजोबा "फॉरेस्टातनं आलात व्हय?" म्हणून उठूनच गेले. पुढच्या खेपेला पेन खिशात ठेवलं, राब कधी भाजता, गवत कधी कापता, एवढंच बोललो. चहा होईपर्यंत आजोबांनीच आग कुठल्या बांधावरून वर चढली ते बोटाने दाखवलं.

वनविभागाची लेखी परवानगी घ्या, सुती कपडे घाला, आणि धूर दिसला तर त्याच्या वरच्या अंगाला थांबू नका. आग चढावर पळते. मार्च २०१८ मध्ये तमिळनाडूच्या कुरंगणीत ट्रेकर डोंगरावरच अडकले होते.

आणि पहिल्या पावसानंतर त्याच जागी परत जा. राख, माती ओढ्याला लागलेली असते, कुठे रोपं जळून गेलेली, कुठे जुन्या बुंध्यांना धुमारे. हे मोजायला जूनमध्ये फारसं कुणी जात नाही.