मंदनाची गणितं: एसटीला मागे पळवू नका, या चुका टाळा

लातूरहून नांदेडकडे निघालेली एसटी ताशी ७२ किलोमीटर वेगाने चालली आहे. अहमदपूरच्या अलीकडे रस्त्यात म्हशी दिसल्या आणि ड्रायव्हरने ब्रेक मारला. त्वरण उणे ४ मीटर प्रति सेकंद वर्ग, म्हणजे वेग दर सेकंदाला ४ मीटर प्रति सेकंदाने कमी होतो; या घटीलाच मंदन म्हणतात. ब्रेक मारल्यापासून १० सेकंदांत बस किती पुढे जाईल?

विस्थापनाच्या, म्हणजे सुरुवातीच्या जागेपासून किती सरकलो याच्या सूत्रात (s = ut + ½at²; u हा सुरुवातीचा वेग, इथे सेकंदाला २० मीटर, a त्वरण, t वेळ) आकडे घातले की २०० वजा २००, उत्तर शून्य. पोरं त्याखाली खुशाल दोन रेघा ओढतात. पण बस तर ५ सेकंदांतच, ५० मीटरवर थांबली! सूत्राला ब्रेक कळत नाही. ते उरलेले ५ सेकंद बसला रिव्हर्समध्ये आणत बसतं. म्हणून वेळ दिलेली असली की आधी सुरुवातीच्या वेगाला मंदनाने भागा. गाडी थांबायची वेळ निघेल. दिलेली वेळ त्याहून जास्त असेल, तर सूत्रात थांबायचीच वेळ घाला. सरळ वर फेकलेल्या चेंडूला मात्र हे लावू नका. तो वर क्षणभर थांबला तरी गुरुत्वाकर्षण थांबत नाही, चेंडू खरोखर परत येतो, आणि हातात आला की विस्थापन शून्य हे बरोबरच.

ताशी ७२ चे सेकंदाला २० मीटर करायला ५/१८ ने गुणायचं, हे सगळ्यांना पाठ असतं. घाईत राहून जातं, एवढंच.

चिन्हाचा घोळ जास्त महागात पडतो. अंतर उणे ५० किंवा वेळ उणे ५ आली, तर त्वरणाचं उणे चिन्ह विसरलात असं समजा. नुसतं उणे पुसून उत्तर लिहू नका. काहीजण सूत्रातच वजा लिहितात आणि वर आकडाही उणे घालतात. मग दोन उण्यांचं अधिक होतं आणि ब्रेक मारलेली बस वेग घेते. वजा एकाच जागी ठेवा.

वेग निम्मा झाला म्हणजे अंतरही निम्मं झालं, असं वाटतं. तसं नाही. आपल्या बसचा वेग २० वरून १० वर येईपर्यंत ५० पैकी ३७.५ मीटर संपलेले असतात, कारण अंतराचा हिशोब वेगाच्या वर्गाशी आहे.

आणि ‘ब्रेक दाबायला ड्रायव्हरला अर्धा सेकंद लागला’ असं वाक्य प्रश्नात असेल, तर त्या अर्ध्या सेकंदात मंदन नसतं. ते १० मीटर साध्या गुणाकाराने काढून वेगळे मिळवा: एकूण ६०.