नारळाच्या कोंबातला गेंड्या भुंगा: माझ्या माडांना लागू पडलेला उपाय

नवी झावळी उलगडताना पाती कात्रीने त्रिकोणी छाटल्यासारखी दिसली, की रोग समजून फवारणी करू नका. हे काम गेंड्या भुंग्याचं. कोंबाच्या बुडाशी भोक आणि त्यातून बाहेर आलेला चोथा, ही पक्की खूण. खोडातून तपकिरी, आंबूस वासाचा रस गळत असेल तर मात्र सोंड्या भुंगा शिरलाय. त्याचा इलाज वेगळा.

टोकाला आकडा केलेली तार भोकात घालून भुंगा ओढून काढला. मग कोंबालगतच्या तीन झावळ्यांच्या बेचक्यांत, दर माडाला २५० ग्रॅम निंबोळी पेंड आणि तेवढीच बारीक वाळू मिसळून भरली. पेंड पावसात धुऊन जाते, म्हणून हे वर्षातून तीनदा: पावसाळ्याआधी, नंतर आणि हिवाळ्यात.

पण भुंगे येतात ते शेणखताच्या खड्ड्यातून! मादी अंडी तिथे घालते. खत उपसलं की तपकिरी डोक्याच्या, अर्धगोल वळलेल्या जाडजूड पांढऱ्या अळ्या सापडतात. त्या वेचून मारल्या, कुजके ओंडके बागेतून हलवले, खतात अळ्यांना मारणारी मेटारायझियम बुरशी मिसळली. खत ओलसर ठेवा, सुक्यात ती बुरशी वाढत नाही. जुन्या झावळ्यांवरचे काप भरून येत नाहीत; पुढचा कोंब अखंड उलगडतोय का, ते बघा.