आयरिश सैनिक पूर्वजाचा जन्म शोधताना

आयर्लंडमध्ये जन्मांची सरकारी नोंदणी १८६४ मध्ये सुरू झाली, त्यामुळे त्याआधी जन्मलेल्या, ब्रिटिश सैन्यात गेलेल्या सैनिकासाठी चर्चच्या बाप्तिस्मा-नोंदवह्याच धुंडाळाव्या लागतात. मात्र आधी त्याचे सेवामुक्तीचे कागद मिळवावेत. लंडनमधील क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात ‘डब्ल्यूओ ९७’ या मालिकेत निवृत्तिवेतनधारक सैनिकांचे असे कागद असून, त्यांत बहुधा जन्माचा पॅरिश (काही गावांचा मिळून छोटा विभाग), जवळचे गाव, काउंटी (जिल्हा) आणि भरतीच्या वेळचे वय नमूद असते. वय अंदाजे सांगितलेले असण्याची शक्यता धरून पुढची-मागची काही वर्षे अवश्य तपासावीत.

घोटाळा होतो तो पॅरिशपाशी. कागदावरचा पॅरिश बहुधा मुलकी, म्हणजे सरकारी कारभाराचा असतो, चर्चचा नव्हे; कॅथलिक पॅरिशची नावे व हद्दी पुष्कळदा निराळ्या असतात. म्हणून शेजारचे पॅरिशही पाहिल्याशिवाय नोंद नाही असे ठरवू नये. आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने सुमारे १८८० पर्यंतच्या कॅथलिक नोंदवह्या विनामूल्य पाहण्यास खुल्या केल्या आहेत. त्यांतील कित्येक लॅटिनमध्ये असल्याने जेम्स तिथे ‘जाकोबुस’ आणि विल्यम ‘गुलिएल्मुस’ म्हणून भेटतो. आईचे माहेरचे आडनाव आणि धर्मपालकांची (बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाची धार्मिक जबाबदारी घेणाऱ्यांची) नावे उतरवून घ्यावीत, कारण एकाच नावाच्या दोन मुलांपैकी आपला कोणता, हे बहुधा त्यावरूनच ठरते.

कुटुंब प्रॉटेस्टंट असल्यास वाट बिकट आहे: चर्च ऑफ आयर्लंडच्या पुष्कळ नोंदवह्या १९२२ च्या डब्लिनमधील आगीत भस्मसात झाल्या. सैनिक मुंबई इलाख्यात राहिला असेल, तर त्याच्या इथे जन्मलेल्या मुलांचे बाप्तिस्मे ब्रिटिश लायब्ररीच्या ‘एन ३’ मालिकेत शोधावेत.