मंडळात फोटो कुणाचा लावायचा, ते ठरवायचं कसं

गेल्या वर्षी आमच्या मंडळाची खोली झाली. पत्र्याचं शेड जाऊन स्लॅब पडला आणि रंग वाळायच्या आधीच भांडण सुरू. भिंतीवर जागा चार फ्रेमची, नावं आली अकरा. मधे शिवाजी महाराज, त्यावर चर्चाच नाही, पण बाकी तीन कोण? रात्री साडेअकरापर्यंत मिटिंग, दोघं रुसून घरी गेले, शेवटी समोरच्या मामांनी खिडकीतनं विचारलं, "काय रे पोरांनो, फोटो लावूलालासा की लग्न ठरवूलालासा?" त्या सगळ्या गोंधळातनं जे कळलं ते लिहून ठेवतोय. खानापूर, बेळगाव, निपाणीकडच्या कुठल्याही मंडळाला चालेल, जयंती कुणाची करायची, चौकाला नाव कुणाचं द्यायचं, हिशोब तोच.

पहिलं म्हणजे हयात माणसाचा फोटो नको, मग तो कितीही मोठा असो. आमच्यात एकानं स्लॅबला सिमेंट दिलेल्या पुढाऱ्याचं नाव घातलं होतं. अरे सिमेंट दिलं त्याबद्दल शाल द्या, नारळ द्या, माईकवर दोनदा नाव घ्या, पण फ्रेम नको. माणूस पक्ष बदलतो, खिळा भिंतीतच राहतो.

मग नावं कशी गाळायची? आमच्याकडे एक रिटायर्ड मास्तर आहेत, ते मिटिंगला कोपऱ्यात बसून शेंगा खात होते, त्यांनी एकच विचारलं, खुर्ची हातात असताना ह्यानं सोडलं काय? भाषण काय केलं नाही, किती वर्षं निवडून आला नाही, सोडलं काय. हा प्रश्न टाकला आणि अकरातली सहा नावं तिथंच गळाली.

लाल बहादूर शास्त्रींचं घ्या. १९५६ ला रेल्वेमंत्री होते, आधी महबूबनगरला रेल्वेचा अपघात झाला तेव्हा राजीनामा दिला तो नेहरूंनी घेतला नाही, नोव्हेंबरात तमिळनाडूत अरियलूरला पुन्हा मोठा अपघात, परत राजीनामा, ह्यावेळी मंजूर. आता ते काय इंजिन चालवत नव्हते. पण खातं माझं तर जबाबदारी माझी, एवढं सरळ. डॉ. बाबासाहेबांचं पण बघा, देशाचे कायदामंत्री, हिंदू कोड बिल अडलं, बायकांना वारसाहक्क, घटस्फोट ह्या गोष्टी त्यात होत्या, तर १९५१ ला मंत्रिपद सोडून बाहेर. त्यांच्या जयंतीला डीजे लावणाऱ्या किती जणांना हे माहीत असतं ते एकदा विचारून बघा, आम्ही विचारलं, फजिती आमचीच झाली.

इथं एक पोरगं म्हणालं, मग आमच्या कर्नाटकात तर राजीनामा देणारे लईच आहेत की! २०१९ ला आमदारांनी धडाधड राजीनामे दिले, मुंबईच्या हॉटेलात जाऊन बसले आणि सरकार पडलं. हसून हसून बेजार, पण मुद्दा बरोबर होता. त्यांच्यातले बरेच जण पुढच्या सरकारात मंत्री झाले. म्हणून सोडलं काय ह्याच्या शेजारीच मिळवलं काय हा रकाना पण ठेवायचा, दोन्ही एकत्र वाचायचे.

दुसरी परीक्षा, स्वतःच्या माणसानं चूक केली तेव्हा नेता काय करतो. दुसऱ्याच्या माणसाला शिक्षा कोणी पण करतं. ह्याला उदाहरण शोधायला लांब जायला नको, आपल्याच बेळगाव जिल्ह्यात बैलहोंगलकडे बेळवडी आहे. दक्षिणेच्या मोहिमेवरून येताना १६७८ च्या सुमाराला महाराजांच्या फौजेला तिथल्या मल्लम्मा राणीनं अडवलं, छोटी गढी पण बाई हटली नाही. पुढं जुन्या लिखाणात येतं की महाराजांच्याच सरदारानं, सखोजी गायकवाडानं, तिच्याशी गैरवर्तन केलं, तर महाराजांनी त्या आपल्याच सरदाराचे डोळे काढवले आणि कैदेत टाकलं. समोर लढलेल्या बाईच्या बाजूनं आपल्याच जिंकलेल्या सरदाराला शिक्षा. आम्ही घोषणा देताना गड मोजतो, हे मोजत नाही. आणि ही गोष्ट कन्नड शेजाऱ्याला सांगितली की तो पण खुर्ची ओढून बसतो, कारण मल्लम्मा त्यांची, महाराज आमचे, असं वाटून घेतलेलं तिथं टिकतच नाही.

तिसरं, माणूस गेल्यावर मागं वापरात काय राहिलं. पुतळा नव्हे, वापरात. हे समजून घ्यायचं असेल तर पोरांना घेऊन टिळकवाडीत जा आणि काँग्रेस विहीर दाखवा. रोज तिथनं गाड्या जातात, बघतं कोण! १९२४ च्या डिसेंबरात २६ आणि २७ ला बेळगावात काँग्रेसचं अधिवेशन झालं, अध्यक्ष महात्मा गांधी. आख्ख्या आयुष्यात त्यांनी अध्यक्षपद घेतलं ते हे एकदाच, आणि पुढच्या वर्षी कानपूरला सरोजिनी नायडूंच्या हातात देऊन मोकळे. इथं सगळी राबणूक गंगाधरराव देशपांड्यांची, आपल्या हुदली गावचे. एवढी माणसं येणार तर पाणी कुठलं, म्हणून विहीर खणली. खर्च ४,३७० रुपये ३ आणे. तीन आण्यांची पण नोंद! अधिवेशन संपल्यावर ७७३ रुपये शिल्लक राहिले ते पण लिहून ठेवलंय. हे वाचल्यावर आमचा खजिनदार बराच वेळ गप्प होता, कारण आमच्या गणपतीचा मागच्या वर्षीचा हिशोब अजून "चालू आहे".

मला विचाराल तर नेता कामाचा होता का हे बघायला ही विहीर पुरते. गांधीजी आले आणि थोड्या दिवसात गेले, पण त्यांच्या शब्दावर गंगाधररावांसारखी माणसं आयुष्यभर खादीत राबली, हुदलीचं नाव खादीला चिकटलं ते तिथनं. नेता स्वतः नसताना काम चालतंय ना, मग झालं.

आता उलट बाजू. पुतळा म्हटलं की आपलं डोकं फिरतं. आमच्या येळ्ळूरच्या राजहंसगडावर महाराजांचा पुतळा झाला, २०२३ च्या मार्चमधे त्याचं अनावरण दोन तारखेला एकदा आणि पाच तारखेला परत एकदा, आधी सरकारवाल्यांकडून मग विरोधकांकडून. महाराज तेच, घोडं कुणाचं पुढं दामटायचं तो वाद. मालवणचा पुतळा तर डिसेंबर २०२३ ला उभा राहिला आणि ऑगस्ट २०२४ ला कोसळला. आमची पोरं गावात अर्धपुतळा बसवायचा म्हणत होती, हे दोन्ही सांगितल्यावर विषय वाचनालयाच्या कपाटावर आला.

गांधी आणि आंबेडकर शेजारी नकोत असं पण एकजण म्हणाला, दोघांचं जमत नव्हतं म्हणून. नव्हतं जमत, १९३२ चा पुणे करार काय गोडीगुलाबीत झाला नाही. पण भिंत म्हणजे काय लग्नाचा हॉल नव्हे, कुणाला कुणाशेजारी बसवायचं ते बघायला. उलट वाद शेजारी टांगला की पोरं विचारतात तरी. आणि बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत सांगूनच ठेवलंय की राजकारणात भक्ती शिरली की शेवट हुकूमशाहीत होतो. म्हणून फोटोला हार घाला, पण त्या माणसाचं काय चुकलं हे पण जयंतीच्या भाषणात एकानं तरी बोललं पाहिजे. आम्ही हे लहान पोरांना वाटून देतो, मोठे बोलायला भितात.

बाकी किरकोळ. फ्लेक्स नको, उन्हात तीन महिन्यात चेहरा निळा पडतो, काचेची फ्रेम करा. खाली पदव्यांची माळ लावू नका, नाव, जन्म-मृत्यूचं साल आणि केलेलं एक काम, बस. पट्टी मराठी आणि कन्नड दोन्हीत, आमची कन्नड ओळ शेजारच्या गावातल्या पेंटरनं दोनदा सुधारून दिली, पैसे घेतले नाहीत, चहा घेतला. प्लास्टिकचा हार कायमचा लटकवू नका, त्यावर कोळी जाळं करतो. आणि दोन ऑक्टोबरला गांधीजींबरोबर शास्त्रींची पण जयंती असते, विसरू नका.

आमची भिंत अशी झाली, मधे महाराज, एका बाजूला आंबेडकर, दुसऱ्या बाजूला गांधी. चौथ्याला शास्त्री की संगोळ्ळी रायण्णा, कित्तूरसाठी इंग्रजांशी लढलेला, ह्यावर अडलंय. रायण्णाला १८३१ च्या २६ जानेवारीला आपल्या नंदगडला फाशी दिलं, किती जवळ, तरी काही पोरं म्हणतात तो कन्नडवाल्यांचा. मी म्हटलं एकदा गाड्या काढून नंदगडला जाऊन येऊया, मग बोला. पाऊस संपल्यावर जायचं ठरलंय. तोवर चौथ्या खिळ्याला खजिनदारानं हिशोबाच्या वहीची पिशवी अडकवली आहे, पहिल्याच पानावर शाल-नारळाचे ४२० रुपये येणे बाकी.