मराठवाड्यात राहून अमेरिकेच्या निवडणुकीत मत कसं द्यायचं

अमेरिकेचं नागरिकत्व घेतलंय, पण सध्या मुक्काम लातूरला, नांदेडला किंवा संभाजीनगरला आई-वडिलांजवळ आहे, अशांना मतदानासाठी विमानाचं तिकीट काढावं लागत नाही. परदेशात राहणाऱ्या अमेरिकी नागरिकाला राष्ट्राध्यक्ष, सिनेट आणि प्रतिनिधिगृहासाठी बाहेरून मत देण्याचा हक्क 1986 च्या फेडरल कायद्याने दिला आहे. पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या पक्षांतर्गत प्राथमिक निवडणुकाही त्यात येतात. अडतं ते कागदपत्रांत: तारीख उलटी पडते, सही जुळत नाही, पाकीट उशिरा पोचतं. दोन-तीन आठवड्यांसाठीच गावी येणार असाल तर एवढा खटाटोप करू नका. बहुतेक राज्यांत मतदान आधीच सुरू होतं, तिथेच मत देऊन विमानात बसा.

आधी हक्क कोणाला, ते बघा

ग्रीन कार्ड किंवा एच-वन-बी व्हिसा असणाऱ्यांनी इथेच थांबावं. नागरिक नसताना फेडरल निवडणुकीत मत देणं हा 1996 च्या कायद्याने गुन्हा आहे. एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते आणि देशातून बाहेर काढायलाही तेवढं कारण पुरतं. ड्रायव्हिंग लायसन्सच्या खिडकीवर ‘मतदार नोंदणी करायची का?’ असं सगळ्यांनाच विचारलं जातं. तिथे सवयीने ‘हो’ म्हणू नका, कारण पुढे नागरिकत्वाच्या अर्जात ‘कधी मतदार म्हणून नोंद केली होती का?’ हा प्रश्न येतोच.

नागरिकत्व घेतलेल्यांची अडचण नेमकी उलटी असते. अमेरिकेची शपथ घेतली की भारताचं नागरिकत्व संपतं आणि ओसीआय कार्डावर (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं ते) इथे मत देता येत नाही. पण गावच्या यादीतलं नाव कोणी काढलेलं नसतं. ग्रामपंचायत आली की फोन येतो, ‘नाव आहे तुमचं यादीत, गाडी पाठवतो.’ त्या गाडीत बसू नका. फॉर्म 7 भरून नाव कमी करून घ्या. ग्रीन कार्डवाले मात्र अजून भारतीयच असतात. त्यांनी फॉर्म 6ए भरून परदेशस्थ मतदार म्हणून नोंद केली तर गावात मत देता येतं, फक्त मूळ पासपोर्ट घेऊन स्वतः केंद्रावर यावं लागतं. घरबसल्या टपालाने मत पाठवायची सोय आपल्याकडे त्यांना नाही.

वेळ

अमेरिकेत मतदान नोव्हेंबरच्या पहिल्या सोमवारनंतरच्या मंगळवारी होतं. 2026 मध्ये ती तारीख 3 नोव्हेंबर आहे. त्या दिवशी प्रतिनिधिगृहाच्या सगळ्या 435 जागा आणि सिनेटच्या सुमारे एक तृतीयांश जागा ठरतील. 1986 च्या त्याच कायद्यातल्या 2009 च्या दुरुस्तीनुसार, ज्यांचा अर्ज वेळेत आला आहे त्यांना मतपत्रिका मतदानाच्या किमान 45 दिवस आधी पाठवणं राज्यांवर बंधनकारक आहे. म्हणजे 2026 मध्ये 19 सप्टेंबर, मुक्तिसंग्राम दिनाच्या झेंडावंदनानंतर दोन दिवसांनी. अर्ज ऑगस्ट संपायच्या आत गेलेला बरा. अर्ज दर वर्षी जानेवारीत नव्याने करायची सवय ठेवावी. गेल्या वर्षीच्या अर्जावर यंदा मतपत्रिका येईलच, असं धरून चालू नका.

अर्ज भरताना

अर्जाचं नाव फेडरल पोस्ट कार्ड ॲप्लिकेशन. मतदार नोंदणी आणि मतपत्रिकेची मागणी, दोन्ही कामं हा एकच कागद करतो. तो एफव्हीएपी या सरकारी संकेतस्थळावर फुकट मिळतो. पैसे मागणाऱ्या एजंटाची इथे गरज नाही.

अर्ज जातो तुमच्या काउंटीच्या (आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) किंवा शहराच्या निवडणूक कार्यालयाकडे. आपल्या निवडणूक आयोगासारखी सगळा देश सांभाळणारी एक यंत्रणा तिकडे नाही. फेडरल इलेक्शन कमिशन नावाची संस्था आहे, पण ती प्रचाराच्या पैशांचा हिशेब बघते. तिला अर्ज पाठवलात तर तो वाया गेला समजा.

पत्त्याचे रकाने दोन. पहिल्यात अमेरिकेतला शेवटचा राहता पत्ता लिहायचा, मग ते घर विकलेलं असो की भाड्याचं, आज तिथे दुसरं कोणी का राहत असेना. पोस्ट बॉक्सचा नंबर चालत नाही. या पत्त्यावरून तुमचं राज्य आणि मतदारसंघ ठरतो. दुसऱ्यात सध्याचा इथला पत्ता, पिनकोडसकट. ‘हनुमान मंदिराच्या मागे’ एवढ्यावर भागवू नका. जन्मापासून अमेरिकेत कधीच न राहिलेल्या मुलांना बऱ्याच राज्यांत आई किंवा वडिलांच्या शेवटच्या पत्त्यावरून मत देता येतं.

परत जायचा विचार आहे की अजून नक्की नाही, हेही अर्ज विचारतो. ‘नक्की नाही’ लिहिलं तर काही राज्ये फक्त फेडरल पदांची मतपत्रिका देतात, गव्हर्नर किंवा शाळा मंडळाची देत नाहीत. फेडरल पदांसाठी मत दिल्याने कर वाढत नाही. राज्याच्या पदांसाठी मत द्यायचं असेल तर राज्याच्या कराबद्दल आधी सीएला विचारून घ्या.

सगळ्यात जास्त घोळ तारखेत होतो. तिकडे महिना आधी, दिवस नंतर. 7 एप्रिलचा जन्म 04/07 असा लिहायचा. आपल्या सवयीने 07/04 लिहिलं तर तो 4 जुलै होतो आणि माणूस यादीत सापडत नाही. दिवस 12 च्या पुढचा असेल तर चूक निदान डोळ्यांवर येते, नाहीतर तीही येत नाही.

नाव नोंदणीत आहे तसंच हवं. नागरिकत्वाच्या दाखल्यावर मधलं नाव नसेल तर इथे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव घुसवू नका. सहीचंही तेच. तिकडे लायसन्सवर इंग्रजीत सही केली असेल आणि गावी आल्यावर बँकेच्या सवयीने मराठीत केली, तर तुलना करणारा कारकून ती बाजूला काढतो.

नोटरी, शंभरचा स्टँप, गॅझेटेड अधिकाऱ्याचा शिक्का, यातलं काही लागत नाही. केवळ नोटरी नाही किंवा कागदाचा-पाकिटाचा आकार वेगळा आहे म्हणून परदेशातून मत देणाऱ्याचा अर्ज किंवा मतपत्रिका नाकारता येत नाही, असं कायदाच सांगतो. तेव्हा झेरॉक्सच्या दुकानातला ए-फोर कागद आणि खाकी पाकीट चालतं. मतपत्रिका मात्र ईमेलवर मागवा. टपालाने मागवली तर येण्यातच दिवस जातात.

पक्षाचा रकाना

हा रकाना प्राथमिक निवडणुकीसाठी आहे. न्यूयॉर्क, पेन्सिल्व्हेनिया, फ्लोरिडा अशा राज्यांत नोंद ज्या पक्षाची, त्याच पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत मत देता येतं. टेक्सास, मिशिगन, व्हर्जिनियात मतदाराच्या नोंदीत पक्ष नसतोच. ही नोंद म्हणजे सदस्यत्वाची पावती फाडणं नव्हे. वर्गणी नाही, कार्ड नाही, आणि नोव्हेंबरात हवं त्याला मत देता येतं. डेमोक्रॅट्स अब्रॉड ही संघटना राष्ट्राध्यक्षपदाच्या वर्षी परदेशस्थांची वेगळी प्राथमिक निवडणूक घेते. त्यात भाग घेतला तर राज्यातल्या राष्ट्राध्यक्षपदाच्या प्राथमिक निवडणुकीत पुन्हा मत द्यायचं नाही.

मतपत्रिका हातात आल्यावर

ईमेलवर आलेली मतपत्रिका छापायला दुकानात पेनड्राइव्हवर न्या, दुकानदाराच्या व्हॉट्सॲपवर टाकू नका. या कागदपत्रांत जन्मतारीख आणि सोशल सिक्युरिटीचे आकडे असतात. छापताना ‘पानाला बसेल असं’ हा पर्याय निवडा, नाहीतर कडेचा बारकोड कापला जातो.

काळ्या पेनाने नावापुढचा लंबगोल पूर्ण भरा. पदवीधर मतदारसंघात लिहितो तसे 1, 2, 3 पसंतीक्रम लिहू नका. मेन आणि अलास्का या राज्यांत पसंतीक्रम आहे, पण तिथेही आकडे लिहायचे नसतात. रकान्यांतले गोल भरायचे असतात. न्यायाधीश, शेरीफ, शाळा मंडळ अशी लांबलचक यादी असेल तर माहीत नसलेली पदं कोरी सोडा, बाकीचं मत बाद होत नाही. सही फक्त मतपत्रिकेसोबतच्या प्रतिज्ञेच्या कागदावर, मतपत्रिकेवर कुठेही नाही. इंग्रजी न वाचता येणाऱ्या आईला मत द्यायचं असेल तर 1965 च्या मतदान हक्क कायद्याप्रमाणे तिने निवडलेली व्यक्ती मदत करू शकते. तो तिचा मालक किंवा तिच्या युनियनचा माणूस नसावा, एवढीच अट.

परत पाठवणं

इथे प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा. मॅसॅच्युसेट्स आणि वॉशिंग्टन राज्य ईमेलने परत घेतात. मत गुप्त राहणार नाही, हे तेव्हा मान्य करावं लागतं. कॅलिफोर्नियाला टपाल किंवा फॅक्स चालतो (आता लातुरात फॅक्स शोधा). पेन्सिल्व्हेनियाला कागदच लागतो, तोही आतल्या गुप्ततेच्या पाकिटासह. नियम बदलतात, म्हणून दर निवडणुकीला एफव्हीएपीवर आपलं राज्य उघडून बघा.

‘टपालखर्च भरलेला’ असं छापलेलं अमेरिकी पाकीट आपल्या पोस्टात फुकट जात नाही. ती सूट अमेरिकी टपालात आणि अमेरिकी वकिलातीच्या टपाल-थैलीतच चालते. आपल्या हेड पोस्टातून पाठवायचं तर आंतरराष्ट्रीय स्पीड पोस्टचे पैसे भरा आणि पावती जपून ठेवा. टपालावर डोळे झाकून विसंबू नका: 2025 मध्ये ऑगस्टअखेर भारतीय टपालाची अमेरिकेकडची सेवा थांबली आणि ऑक्टोबरच्या मध्यात पुन्हा सुरू झाली. खासगी कुरिअर करणार असाल तर कार्यालयाचा इमारतीचा पत्ता घ्या, कुरिअरवाले पोस्ट बॉक्सवर देत नाहीत. वकिलातीच्या थैलीतून पाठवायचं असेल तर महाराष्ट्र मुंबईच्या वाणिज्य दूतावासाकडे येतो. नांदेडकरांना हैदराबाद जवळ पडतं, पण निघण्याआधी विचारून घ्या.

दसऱ्यापर्यंत मतपत्रिका आलीच नाही तर फेडरल राइट-इन ॲब्सेंटी बॅलट ही कोरी पर्यायी मतपत्रिका छापा. तिच्यावर उमेदवाराचं नाव किंवा नोव्हेंबरच्या निवडणुकीत नुसता पक्षही लिहिता येतो. नंतर खरी मतपत्रिका आली तर तीही भरून पाठवा, दोन्हींतली एकच मोजली जाते. ईमेलने पाठवताना घड्याळ तिकडचं धरा: 3 नोव्हेंबरला पूर्व किनाऱ्यावरचे रात्रीचे 8 म्हणजे आपल्याकडे 4 तारखेचे सकाळचे साडेसहा. त्यानंतरही काही दिवस अर्जात दिलेला ईमेल, स्पॅमसकट, रोज बघत राहा. सही जुळली नाही तर बऱ्याच राज्यांत दुरुस्तीसाठी मुदत मिळते आणि ती थोडीच असते.