जुनं एअर पिस्तूल आणि कोकणची हवा: या चुका टाळा

पिस्तूल घट्ट चालतंय म्हटलं की आपल्याकडे पहिला हात जातो तेलाच्या बाटलीकडे. गेल्या वर्षी दापोलीचा एक पोरगा आजोबांचं वेब्ली सीनियर हे स्प्रिंगचं एअर पिस्तूल घेऊन आला. १९३० साली आलेलं मॉडेल, माळ्यावर सापडलेलं. "काका, आत खोबरेल सोडलंय, आता आवाज बघा!" आवाज झालाच. ओटीवरचा कुत्रा थेट माडांत पळाला, नळीतून निळा धूर आला, आणि पोरगा खूश, ताकद वाढली म्हणून! कसली ताकद? चाप ओढला की स्प्रिंग सुटते, तिच्या जोरावर पिस्टन हवा दाबतो, दाबलेली हवा तापते, तेल पेटतं आणि तो भडका पिस्टनवरच उलटा आदळतो. उघडून पाहिलं तर स्प्रिंग मधेच वाकडी. नवी मिळेपर्यंत तीन महिने पिस्तूल माझ्या टेबलावर सुटं पडलं होतं. शिवाय खोबरेल थंडीत थिजतं, हे कोकणातल्या माणसाला मी सांगायचं?

मी सिलिंडरमध्ये सिलिकॉन तेलाचा एकच थेंब सोडतो, तोही वर्षातून एकदा. स्प्रिंगला मॉलिब्डेनम ग्रीसचा पुसट हात. सिलिकॉन तेल स्प्रिंगला लावू नका, लोखंडावर लोखंड घासतं तिथे ते कुचकामी.

दुसरी चूक माझी स्वतःची. पहिल्या पावसाळ्यात वॉल्थर एलपी ५३ हे एअर पिस्तूल चामड्याच्या म्यानात घालून कपाटात ठेवलं आणि गणपतीत उघडलं. चामडं ओल धरून बसलं होतं. निळ्या पॉलिशवर तांबडी बुरशी आल्यासारखा गंज. घाबरून पॉलिश पेपर मारला. गंज गेला, पॉलिशही गेलं. संग्राहक पैसे मोजतो ते त्या मूळ पॉलिशचे, चकचकीत लोखंडाचे नव्हे. आता हात लावला की शिलाई मशीनच्या तेलाचं फडकं फिरवतो आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलसोबत ठेवतो. जूनपासून दर पंधरा दिवसांनी डबा उघडतो. कंटाळा येत असेल तर नाणी गोळा करा.

छर्रा न घालता चाप ओढू नका, पिस्टन आपटतो. स्प्रिंग ताणून ठेवून चहाला जाऊ नका. आतून पीळदार खाचा असलेल्या नळीत स्टीलचे छर्रे तर मुळीच नकोत.

निशाणा जांभ्याच्या गडग्यावर लावू नका, छर्रा उलटून येतो. मागे चिंध्या भरलेलं खोकं ठेवा. पाखरांवर तर अजिबात नाही, १९७२ चा वन्यजीव कायदा आहे.

आणि मूठ! ऊस पिळल्यासारखं काय धरता? छर्रा नळीत असतानाच स्प्रिंगचं पिस्तूल उडी मारतं, म्हणून दर वेळी पकड तीच हवी. दहा मीटरच्या स्पर्धेत दहा गुणांचं वर्तुळ ११.५ मिलिमीटरचं असतं. दापोलीच्या पोराला महिनाभर पाच मीटरवरच उभा केलाय. रोज विचारतो, "काका, दहा कधी?"